उद्या दुपारी क्रूझ, हातात मुंबईची एकच संध्याकाळ. काय काय जमेल?

हुरडापार्टी

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून गोव्याची क्रूझ बुक केलीय, आईला सत्तर पूर्ण झाली म्हणून. पाच जण आहोत, मी, बायको, आई आणि दोन पोरं (१४ आणि ९). आदल्या दिवशी वंदे भारतनं दुपारी सीएसएमटीला उतरणार, फोर्टात एका लॉजवर दोन रूम घेतल्यात, दुसऱ्या दिवशी बारा वाजता बॅलार्ड पियरला बोर्डिंग. म्हणजे जेवून जरा पाठ टेकून चार वाजता बाहेर पडलो तर रात्री दहापर्यंत सहा तास मिळतात.

खरं सांगायचं तर मी मुंबईला पंधरा वीस वेळा आलो असेन पण मंत्रालय आणि टाटा हॉस्पिटल या दोन जागा सोडून काहीच बघितलं नाही ओ. आमची यादी बघा: गेटवे, घारापुरीच्या लेण्या, म्युझियम, सिद्धिविनायक (आईचा हट्ट), जुहू चौपाटी (पोरांचा हट्ट), क्रॉफर्ड मार्केट (कुणाचा ते सांगत नाही), मरीन ड्राइव्ह. आईचे गुडघे दुखतात, जिने जास्त चालत नाहीत. आई माळकरी आहे त्यामुळे खाणं पूर्ण शाकाहारी. यातलं किती जमेल? गाडी भाड्यानं घ्यावी का?

फोर्टातली

बावीस वर्षं फोर्टात नोकरी करतेय म्हणून हक्कानं सांगते, ती यादी आधी फाडून टाका 🙂

घारापुरी सकाळचं काम आहे, चार वाजता लोक तिकडून परत यायला लागलेले असतात, आणि वर लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत, आईंना नकोच. जुहू म्हणजे संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन येऊन तीन तास गाडीत, पोरं झोपून जातील. म्युझियम सहाला बंद होतं आणि दीड तासात उरकावं असं ते म्युझियम नाही. राहता राहिलं क्रॉफर्ड मार्केट, तर ताई, तिथे घेतलेलं सगळं उद्या बोटीवर वागवायचंय हे लक्षात घ्या.

गाडी भाड्यानं अजिबात घेऊ नका. तुमचं लॉज फोर्टात आहे म्हणजे अर्धी मुंबई तुमच्या दारात आहे, दोनेक किलोमीटरच्या आत सगळं. फक्त इकडे रिक्षा नाहीत हे ध्यानात ठेवा, बाहेरगावचे लोक फोर्टात उभं राहून रिक्षाला हात करायला बघतात आणि मग लक्षात येतं की रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पलीकडेच राहतात. इथे काळीपिवळी टॅक्सी. जवळचं भाडं म्हटलं की तोंड वाकडं करतात, पण म्हातारं माणूस बरोबर दिसलं की बहुतेक जण नेतात. पाच जण एका टॅक्सीत कोंबायला बघू नका, दोन करा, मीटरचं सुरुवातीचं भाडंच ३१ रुपये आहे, त्यात काय कंजुषी करायची.

आता खरी गोष्ट. तुमची संध्याकाळ घड्याळावर नाही सूर्यावर लावा. डिसेंबरात मुंबईत सहाच्या आसपास सूर्य मावळतो. म्हणजे चार वाजता थेट गेटवे. फोटो काढा, ताज बघा, कटिंग प्या. तिथली अर्ध्या तासाची बोटीची फेरी घेऊ नका, उद्यापासून बोटच बोट आहे. सव्वापाचला तिथून निघा आणि टॅक्सीनं एनसीपीए गाठा, म्हणजे मरीन ड्राइव्हचं नरिमन पॉइंटकडचं टोक. टोक मुद्दाम सांगतेय. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे या टोकावरून तो सरळ पाण्यात बुडताना दिसतो. गिरगाव चौपाटीवर उभे राहिलात तर मलबार हिलच्या आड जातो आणि लोक भेळ खात विचारत बसतात की सूर्य गेला कुठे. कठड्यावर आईंना नीट बसता येतं, बसायला काही घेऊन जा, दगड दिवसभर तापलेला असतो. पोरांना पलीकडच्या त्या चार पायांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर उतरू देऊ नका, शेवाळं असतं.

सूर्य गेला तरी उठायची घाई करू नका. पंधरा वीस मिनिटांत दिवे लागतात, आधी लांबचे चौपाटीकडचे, मग अख्खी कमान. मी इतकी वर्षं बघतेय तरी त्या वेळी फोन बॅगेत टाकते.

तिथून ११५ नंबरची बस थेट सीएसएमटीला येते, एसी डबलडेकर असते. आई खाली, पोरं वर सगळ्यात पुढच्या सीटवर. पोरांसाठी मला विचाराल तर जुहूपेक्षा हे भारी. फक्त सहा ते साडेसात चर्चगेटच्या भुयारी मार्गात शिरू नका. अख्खं नरिमन पॉइंट त्या वेळी स्टेशनाकडे धावत असतं, आम्ही कुणाला धक्का मारतो ते आम्हालाही कळत नाही, आणि तुम्ही उलट्या दिशेनं गुडघेदुखीच्या आईंना घेऊन येणार. नकोच.

काळबादेवीचा_जावई

वरच्या ताईंचं ९०% मान्य पण सिद्धिविनायक एका फटक्यात उडवला ते पटलं नाही. आता मेट्रो ३ पूर्ण चालू आहे की. सीएसएमटीला बसा, सिद्धिविनायक नावाचं स्टेशनच आहे, वीस पंचवीस मिनिटं, लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, ट्रॅफिकचा प्रश्नच नाही. आई सत्तरीची, मुंबईत आली आणि गणपती न बघता बोटीत चढली तर बोटीवर रोज ऐकवेल, स्वानुभव आहे (माझी नाही, बायकोची आई). गेटवे काय, फोटोत पण दिसतो.

पण वार कुठला ते सांगा आधी. मंगळवार असेल तर मी माझे शब्द मागे घेतो.

हुरडापार्टी

मंगळवारच आहे ओ 😭

काळबादेवीचा_जावई

मग संध्याकाळी अजिबात नको, मंगळवारी तिथली रांग बघून पोरंच काय तुम्हीपण रडाल. बुधवारी सकाळी करा. पहिल्या मेट्रोनं, सहाच्या सुमाराला सीएसएमटीहून निघा, बुधवारी सकाळी गर्दी कमी असते, दर्शन घेऊन आठ साडेआठला परत. बारापर्यंत चिक्कार वेळ. आई तशीही पाचला उठून बसलेली असणार, माळकरी माणूस. बायको पोरांना झोपू द्या, तुम्ही दोघंच जा.

फोर्टातली

हे झकास. माघार घेते 🙏

रात्रीच्या जेवणाचं राहिलं. बसनं सीएसएमटीला उतरलात की आधी समोर महापालिकेच्या बाजूला थांबून स्टेशन बघा, रात्री दिवे लावलेले असतात. दुपारी तुम्ही त्याच स्टेशनातून बाहेर पडलेले असाल पण बॅगा ओढत बाहेर पडणारा माणूस वर बघत नाही. वरती मोर आहेत, माकडं आहेत, दगडात काय काय कोरलंय, १८८८ मध्ये पूर्ण झालेली इमारत आहे ही, बांधायला दहा वर्षं लागली. मोठ्या घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई आहे. नऊ वर्षांच्या पोराला सांगा, किती प्राणी सापडतात मोज, अर्धा तास शांतता.

मग जेवायला पंचम पुरीवाला, स्टेशनासमोरच बाजारगेटच्या गल्लीत. शुद्ध शाकाहारी, पुरीभाजी, साधं. जागा अडचणीची आहे, टेबलाशी उभं राहून कोण कधी उठतंय ते बघावं लागतं, पण पुऱ्या कढईतून थेट ताटात येतात. आईंना गर्दी नको असेल तर आराममध्ये बसा, तेही समोरच. त्यांचा वडापाव पोरांना द्याच.

घोळ_होतोच

आम्ही मागच्या वर्षी ठाण्याहून जाऊन हीच क्रूझ केली. ठाण्याचे असून आदल्या रात्री साऊथ बॉम्बेत राहिलो, सगळे हसले, पण बरं झालं. जे घोळ झाले ते लिहितो म्हणजे तुमचे वाचतील.

पहिला घोळ. टॅक्सीवाल्याला "बोट पकडायचीय" असं सांगितलं. त्यानं सरळ भाऊच्या धक्क्याला नेऊन सोडलं, माझगावला. त्याची चूक नाही, पिढ्यानपिढ्या मुंबईत बोट म्हणजे भाऊचा धक्का. तिथे रेवसच्या लाँचा आणि मासळीच्या पाट्या, आम्ही चाकांच्या बॅगा आणि गॉगल घालून उभे. तर टॅक्सीत बसतानाच बॅलार्ड पियर म्हणा, आणि आम्हाला ग्रीन गेट सांगितलं होतं. तुमच्या बुकिंगच्या मेसेजमध्ये कुठलं गेट आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेवा, पोर्टाच्या गेटांना रंगांची नावं आहेत, ग्रीन, यलो, रेड, आणि एकाचं दुसरं झालं की बॅगा घेऊन चालणं नशिबी.

दुसरा घोळ म्हणजे बायकोनं नवीन सँडल आदल्या संध्याकाळी घातले. मरीन ड्राइव्हला टाचेला फोड, पुढचे तीन दिवस डेकवर हवाई चप्पल. सगळ्या फोटोत.

आणि ओळखपत्रं सगळ्यांची ओरिजिनल, पोरांची पण, मोठ्या बॅगेत नाही तर हातातल्या पर्समध्ये. मोठ्या बॅगा सुरुवातीलाच काढून घेतात आणि त्या डायरेक्ट केबिनला येतात, संध्याकाळी. आमची मी मोठ्या बॅगेत ठेवली होती. सगळी रांग आमच्याकडे बघत होती आणि मी जमिनीवर बसून बनियनच्या घड्यांमधून आधार कार्ड शोधत होतो.

घरचं खाणं पण आत नेऊ देत नाहीत. आमच्या आईनं दिलेल्या पुरणपोळ्या तपासणीत बाहेर राहिल्या. वीस होत्या.

बंदरकाठ

चर्चा वाचून राहवलं नाही. मी पोर्टातून रिटायर झालो, वय पाहता सल्ला द्यायचा अधिकार आहे असं समजतो.

तुम्ही सगळे बॅलार्ड पियरकडे फक्त बोर्डिंगची जागा म्हणून बघताय. अहो, विलायतेला जाणारा माणूस याच धक्क्यावरून जायचा. आगगाडी थेट बोटीपाशी यायची, बॅलार्ड पियर मोल असं स्टेशनच होतं, टपालाची बोट लागली की फ्रंटियर मेल इथून पेशावरकडे सुटायची. आता त्या स्टेशनाची खूण शोधूनही मिळणार नाही. तुम्ही ज्या गेटवे समोर फोटो काढणार तो बांधणारा आर्किटेक्ट विटेट, त्याच माणसाच्या देखरेखीखाली बॅलार्ड इस्टेटच्या या इमारती उभ्या राहिल्या. समुद्र बुजवून केलेली जमीन आहे ही, सगळ्या इमारती एका उंचीच्या, एका रंगाच्या दगडाच्या.

माझा सल्ला एवढाच, बुधवारी देवदर्शन करून आलात की अकरा वाजता बॅगा घेऊन एकदम गेटवर जाऊ नका. दहाला रिकाम्या हातानं बॅलार्ड इस्टेटमधून एक चक्कर मारा, सावली असते, रस्ते रुंद आहेत, आईंना चालायला सपाट. रात्री मात्र नको, ऑफिसं सुटली की तिथे चिटपाखरू नसतं. वाटेत हॉर्निमन सर्कलच्या बागेत पाच मिनिटं टेका, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या समोर दिसतात, चढायची गरज नाही.

मोठ्या मुलाला एक गोष्ट सांगा. १४ एप्रिल १९४४ ला इथून उत्तरेला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा, एकाच जहाजात. कापसाला आग लागली आणि दुपारी चारच्या सुमारास दोन स्फोट झाले, आगीशी झुंजणारे कितीतरी बंबवाले जागच्या जागी गेले. आजही देशभर त्या तारखेला अग्निशमन दिन पाळतात. सोन्याच्या विटा उडून कुठे कुठे पडल्या, गाळ काढताना त्यातली एखादी पुढे कित्येक वर्षांनी सापडायची. आमच्या वेळी ड्रेजरवर नवीन पोरगा आला की त्याला सगळे विचारायचे, काय रे, वीट लागली का.

हुरडापार्टी

मंडळी, लई उपकार झाले. फायनल असं ठरवलंय: मंगळवारी चारला गेटवे, सव्वापाचला एनसीपीए, दिवे लागेपर्यंत बसायचं, ११५ नं परत, प्राणी मोजायचे, पुरीभाजी, झोप. बुधवारी सहाला मी आणि आई मेट्रोनं दर्शन, मग काकांची बॅलार्ड इस्टेटची चक्कर, मग ग्रीन गेट (मेसेज बघितला, तेच आहे). जुहू उडवलं म्हणून धाकटा रुसला होता, डबलडेकरची पुढची सीट म्हटल्यावर गप झाला.

एकच अडचण आहे. आईनं आत्ताच कडक भाकरी आणि शेंगाचटणी करायची ठरवलीय, "बोटीवर चार दिवस काय मिळतंय कुणाला ठाऊक" म्हणून. घोळ_होतोच साहेबांची वीस पुरणपोळ्यांची गोष्ट वाचून दाखवली तर म्हणते, चटणी म्हणजे काय जेवण हाय का, ती तर चटणी. आता?

घोळ_होतोच

आमच्या आईचं पण सेम होतं, पुरणपोळी म्हणजे काय जेवण आहे का.

काळबादेवीचा_जावई

मंगळवारी एनसीपीएला कठड्यावर बसून भाकरी चटणी खा की, पुरीभाजीला पोटात जागा ठेवून.

फोर्टातली

आणि खाऊन उरली तर ग्रीन गेटवर टाकून देऊ नका. माझं ऑफिस तिथून चालत सात मिनिटांवर आहे, बुधवारी मी असते, व्यनि (खाजगी निरोप) करते.

बंदरकाठ

सोलापुरी शेंगाचटणी असेल तर रिटायर माणूसही बुधवारी त्या बाजूला येऊ शकतो.