रॅफलची तिकिटं आधी विकायची तर परवाना लागतो का? (इंग्लंड)

उशिरा_आलेला
नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या एका छोट्या मंडळाचं खजिनदारपद यंदा माझ्या गळ्यात पडलंय (सभेला उशिरा पोचलो, तोवर बाकीची पदं संपली होती). वार्षिक कार्यक्रमात एका हॉस्पिससाठी (शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) रॅफल, म्हणजे तिकिटं विकून सोडतीने बक्षिसं द्यायचा खेळ, ठेवायचं चाललंय. बक्षिसं सगळी सभासदांनीच दिलेली. अध्यक्ष म्हणतात, "चॅरिटीचं काम आहे, कोण विचारतंय? महिनाभर आधी फेसबुकवर टाकू, तिकिटं खपतील." दुसरा गट म्हणतो, तिकीट म्हणूच नका, देणगी म्हणा, म्हणजे वर गिफ्ट एडही (देणगीवर सरकारकडून मिळणारी कराची भर) मिळेल. मला दोन्ही पटत नाही, पण सभेत बोलायला हातात काही नाही. कुणी केलंय का हे?

जुनी_खजिनदार
सहा वर्षं केलंय, त्यातलं एक वर्ष चांगलंच अंगाशी आलं होतं. म्हणून जरा लांबण लावते.

पैसे चांगल्या कामाला जातात म्हणून सगळं माफ, असं नाही. २००५च्या गॅम्बलिंग ॲक्टप्रमाणे (जुगाराचा कायदा) पैसे घेऊन नशिबावर बक्षीस दिलं की ती लॉटरी. परवाना लागतो का, हे तुम्ही तिकीट कुठे आणि कधी विकता यावर ठरतं.

कार्यक्रम चालू असताना, त्याच जागेत तिकिटं विकलीत तर नोंदणी लागत नाही, परवानाही नाही. सोडत नंतर काढली तरी चालते. जमलेल्या पैशातून बक्षिसांवर ५०० पौंडांच्या वर आणि तिकीट छपाई वगैरे खर्चावर १०० पौंडांच्या वर जायचं नाही. तुमची बक्षिसं फुकटात आली आहेत, त्यामुळे ५००च्या मर्यादेचा तुम्हाला त्रास नाही.

तिकीट हॉलच्या दाराबाहेर गेलं की मात्र प्रकरण बदललं. फेसबुकवर लोकांना विकायचं तर काउन्सिलकडे (तिथली नगरपालिका) 'स्मॉल सोसायटी लॉटरी' म्हणून नोंदणी करा. पहिल्यांदा ४० पौंड, पुढे दरवर्षी २०. एवढ्यासाठी रडू नका.

आम्ही रडलो. म्हणजे नोंदणी न करताच दोन आठवडे आधी तिकिटांची पुस्तकं वाटली. वर एका उत्साही सभासदाने पोस्ट टाकली, 'पाच घ्या, सहावं फुकट.' काउन्सिलमधून फोन आला. बाई फार गोड बोलल्या, पण विक्री थांबवा म्हणाल्या. आम्ही पैसे परत करायचं ठरवलं आणि एका रविवारी काउंटरफॉइलं (तिकिटाचा आपल्याकडे राहणारा तुकडा) घेऊन बसलो. त्यावर नावं काय, तर 'काकू', 'मिलिंदचा मित्र', आणि एकावर नुसतं 'निळी गाडी'. निळ्या गाडीवाले अजून सापडले नाहीत. त्यांचे पैसे मी पाकिटात घालून पुढच्या खजिनदाराकडे सोपवले.

त्या 'सहावं फुकट'मध्येही घोळ होता. नोंदणीकृत लॉटरीत प्रत्येक तिकिटाची किंमत सारखीच हवी, घाऊक सवलत नाही. तिकिटावर संस्थेचं नाव, किंमत, जबाबदार माणसाचं नाव-पत्ता आणि सोडतीची तारीख छापावी लागते. बाजारात मिळणारी गुलाबी-हिरवी पुस्तकं हॉलमधल्या रॅफलला ठीक, इथे नाहीत. सोळा वर्षांखालच्यांना विकायचं नाही, त्यामुळे मुलांच्या हातात पुस्तकं देऊन त्यांना हिंडवू नका.

गणितज्ञ_नव्हे
थोडी भर. एका सोडतीची विक्री २०,००० पौंडांपर्यंत आणि वर्षाची २,५०,००० पर्यंत असेल तरच ही 'स्मॉल'. त्यावर गेलात तर गॅम्बलिंग कमिशनचं (जुगारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) लायसन्स. शिवाय एकूण विक्रीतले निदान २० टक्के मूळ कामाला गेलेच पाहिजेत. हिशेबाचं रिटर्न सोडतीनंतर तीन महिन्यांत काउन्सिलला, संस्थेच्या दोन सभासदांच्या सह्यांनिशी. दुसरी सही करणारा आधीच पकडून ठेवा, नंतर सगळे सुट्टीवर असतात. आणि हे नियम इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्सचे. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा.

उशिरा_आलेला
फार उपयोग झाला. देणगी आणि गिफ्ट एडचं काय? आणि फक्त सभासदांनाच विकली तर?

जुनी_खजिनदार
गिफ्ट एड विसरा. तिकिटाच्या बदल्यात बक्षिसाची संधी मिळते, म्हणजे ती देणगी नव्हे. नाव बदलून काम होत नाही. पैसे न देताही सगळ्यांना भाग घेता आला, तर ती फ्री ड्रॉ, लॉटरी नाही. पण मग 'ऐच्छिक देणगी'चा डबा ठेवून प्रत्येकाकडे रोखून बघायचं नाही. आमच्याकडे एकांनी हा प्रयोग सुचवला होता. डब्यापाशी उभं राहायला त्यांना सांगितल्यावर विषय संपला.

सभासदांपुरती लॉटरी नोंदणीशिवाय चालते, पण तिची जाहिरात संस्थेच्या स्वतःच्या जागेतच करता येते. तुमचं मंडळ भाड्याच्या हॉलवर चालत असेल तर ते अडचणीचंच.

तुमच्या जागी मी असते तर पहिल्या वर्षी हॉलमध्येच विकली असती. मध्यंतरात चहाच्या रांगेशेजारी टेबल लावा. रांग हलत नाही, माणसं कंटाळतात आणि तिकिटं घेतात. आमचा सगळ्यात चांगला धंदा तिथेच व्हायचा.

उशिरा_आलेला
टेबल चहापाशी, ठरलं. सोडत कुणाच्या हातून काढू? अध्यक्ष स्वतःच म्हणतायत.

जुनी_खजिनदार
नको. एका वर्षी आमच्या अध्यक्षांनी चिठ्ठी काढली आणि पहिलं बक्षीस वहिनींना लागलं. कायद्याने काही चूक नव्हती, पण पुढची दोन वर्षं तेच ऐकत होतो.