अपडेटनंतर रेस मवाळ, क्रूझ वेगळा: जुनं सॉफ्टवेअर परत मागता यायला हवं का?

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

नेहमीच्या सर्व्हिसला गाडी दिली की ऑइल, फिल्टरच्या यादीखाली बिलावर एक ओळ येते: ‘इंजिन ईसीयू सॉफ्टवेअर अपडेट’. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. त्यात काय बदललं, कशासाठी बदललं, याचा पत्ता नाही. मग तीच गाडी अर्ध्या पेडलला निराळी वागते आणि क्रूझ (ठरवलेला वेग आपोआप धरणारी सोय) चढावर भलत्याच वेळी गिअर पाडतो. माझं म्हणणं असं की ही दुरुस्ती नव्हे, विकून झालेल्या वस्तूत केलेला बदल आहे. तो आधी लेखी सांगावा, सुरक्षेचा रिकॉल नसेल तर नाकारता यावा, आणि केल्यावर पटला नाही तर जुनं व्हर्जन परत मिळावं.

हे नुसतं ‘वाटणं’ नाही. रेसची केबल जाऊन इलेक्ट्रॉनिक पेडल आल्यापासून त्याचा थ्रॉटल प्लेटशी (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेशी) थेट संबंध उरलेला नाही. पेडलमधले दोन सेन्सर ईसीयूला दोन व्होल्टेज देतात (बऱ्याच गाड्यांत दुसरं पहिल्याच्या निम्मं). पेडलचा टक्का आणि आरपीएम तक्त्यात बघून ईसीयू ठरवतो की ड्रायव्हरला किती टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) हवाय, आणि प्लेट किती उघडायची ते त्यानंतर. समजा ३० टक्के पेडलला आधी ४५ टक्के टॉर्क लिहिला होता आणि आता ३२ लिहिला. इंजिन तेच, पूर्ण पेडलला ताकद तीच, पण गर्दीत गाडी जड. शिवाय टॉर्क किती झपाट्याने चढू द्यायचा याची मर्यादा वेगळी असते. ती घट्ट केली की पाय ठेवला आणि गाडी निघाली यांत फट पडते.

लॅम्बडा

तक्त्याबद्दल बरोबर, पण निदानाची घाई होतेय. अपडेटनंतर आलेल्या तक्रारींत मी सगळ्यात आधी पुसल्या गेलेल्या शिकवणीवर संशय घेईन, तक्त्यावर नाही.

ईसीयू गाडी चालता चालता बरंच शिकत असतो: इंधनाचं कमीजास्त, थ्रॉटल प्लेट पूर्ण बंद कुठे होते, आयडलला (पेडलवर पाय नसताना) किती हवा लागते, ऑटोमॅटिक असेल तर प्रत्येक क्लच भरायला किती दाब लागतो. रिफ्लॅश केल्यावर, म्हणजे सॉफ्टवेअर पुन्हा भरल्यावर, यातलं बरंचसं शून्यावर येतं.

आता प्लेटच्या कडेला काजळी जमलेली गाडी घ्या. काजळीमुळे हवा कमी जाते, म्हणून ईसीयू प्लेट हळूहळू जास्त उघडी ठेवायला शिकलेला असतो. अपडेटनंतर तो नव्या कोऱ्या थ्रॉटल बॉडीच्या आकड्यापासून सुरुवात करतो. एसी लावला की आरपीएम कोसळतो, सिग्नलला गाडी बंद पडते, कधी पी०५०६ (आयडल आरपीएम अपेक्षेपेक्षा कमी) हा दोषाचा कोड येतो. मालक म्हणतो अपडेटने गाडी बिघडवली. बिघडलेली ती आधीपासूनच होती, शिकवणीने झाकलं होतं.

उपाय क्रमाने: थ्रॉटल बॉडी उतरवून साफ करा. क्लीनर कापडावर घ्या, मोटरच्या बाजूला फवारू नका, आणि इग्निशन चालू असताना प्लेट बोटाने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. मग बॅटरी चांगली चार्ज, एसी-दिवे बंद, इंजिन गरम असताना आयडल लर्निंग, म्हणजे ईसीयूला आयडल नव्याने शिकवणं. काही गाड्यांत किल्ली ऑन-ऑफ आणि थांबणं एवढ्यावर होतं, काहींत स्कॅनरशिवाय होत नाही, म्हणून त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. पुढचे काही दिवस गर्दी, मोकळा रस्ता, चढ असं मिश्र चालवा. त्यानंतरही मवाळ राहिली तर तक्त्याकडे वळू.

तिसरा_गिअर

आयडल आणि गिअरचे झटके शिकवणीत मोडतात, मान्य. पण पेडलचा तक्ता ईसीयू शिकत नाही, तो कॅलिब्रेशनमध्ये (कंपनीने भरलेल्या आकड्यांत) कोरलेला असतो. ‘चालवत राहा, बसेल’ हे उत्तर सर्व्हिस सेंटरला सोयीचं पडतं, कारण तोवर मालकालाच सवय होते.

फरक मोजता येतो. साध्या ओबीडी स्कॅनरने (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायच्या यंत्राने) मोड ९ या भागात कॅलिब्रेशन आयडी आणि सीव्हीएन दिसतात. सीव्हीएन हा आतल्या डेटाची बेरीज-पडताळणी आहे, एक आकडा बदलला तरी तो बदलतो. गाडी देण्याआधी दोन्हींचा फोटो, घेतल्यावर पुन्हा फोटो. दोन्ही तेच असतील तर इंजिन ईसीयूचं कॅलिब्रेशन बहुधा बदललेलंच नाही आणि वाद तिथेच संपला.

बदलले असतील तर लॉग (चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद) घ्या. सपाट रस्ता, तिसरा गिअर धरून ठेवलेला, सुमारे २००० आरपीएम. पेडल २०, ३०, ५० टक्के असं टप्प्याने स्थिर. नोंदवायचं पेडल पोझिशन डी (पेडल किती दाबलंय), कमांडेड थ्रॉटल (ईसीयूने प्लेटला दिलेला हुकूम), आरपीएम आणि वेग. स्कॅनरवर ‘ड्रायव्हर्स डिमांड टॉर्क’ दिसत असेल तर त्यालाच जास्त किंमत द्या, कारण प्लेटचा कोन उंची, हवेचं तापमान आणि एसीनुसारही हलतो. डिझेलमध्ये प्लेटवरून काहीच ठरवू नका, तिथे ताकद इंधनाच्या मापावर चालते. शेवटी पूर्ण पेडल दाबून तोच वेग गाठायला लागणारा वेळ घ्या. मधल्या पेडलला फरक आणि पूर्ण पेडलला सारखं, म्हणजे तक्ता बदललाय.

क्लच_प्लेट

मॅन्युअलवाल्यांचं दुखणं यात आलंच नाही. अपडेटनंतर क्लच दाबून पाय काढला तरी आरपीएम वरच लटकतो, मग उतरतो. हे मुद्दाम केलेलं असतं: प्लेट एकदम मिटली तर मिश्रण क्षणभर बिघडतं आणि धूर मोजणीत पकडला जातो, म्हणून ती सावकाश मिटवतात. कितीही लर्निंग करा, जात नाही. गिअर झटपट बदलणाऱ्याला एकतर थांबावं लागतं नाहीतर क्लच घासावा लागतो. क्लचची झीज सहसा वॉरंटीत नसते, हे जाता जाता.

पाना_बारा

वर्कशॉपच्या बाजूने लिहितो. ‘जुनं व्हर्जन परत द्या’ हे कागदावर सोपं आहे. कंपनीचं टूल चॅसिस नंबरवरून सर्व्हरला विचारतं आणि सर्व्हर त्या गाडीसाठी फक्त चालू फाइल देतो. जुनी फाइल टेक्निशियनच्या हातात नसते. असली तरी बऱ्याच ईसीयूंचा बूटलोडर (नवी फाइल आत घेणारा प्रोग्राम) कमी क्रमांकाचं व्हर्जन घेतच नाही. आणि इंजिनचा ईसीयू एकटा नसतो. गिअरबॉक्स, एबीएस, पुढच्या गाडीचं अंतर मोजणारा रडार यांच्याशी टॉर्कची देवाणघेवाण ठरलेल्या भाषेत चालते. एकाला मागे नेलं आणि बाकीचे पुढे राहिले तर क्रूझचा दिवा पिवळा होऊन बसतो.

पण अपडेट करतानाच्या चुका मात्र आमच्याकडच्याच, त्या लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यात मोठी म्हणजे गाडीच्या बॅटरीवरच फ्लॅश करणं. इग्निशन ऑन, पंखा फिरतोय, दिवे चालू आणि फाइल अर्धवट गेलेली असताना व्होल्टेज खाली आलं की ईसीयू मुका होतो. स्थिर १३ ते १३.५ व्होल्ट देणारा, दमदार अँपिअरचा सपोर्ट युनिट लागतो. साधा चार्जर चालत नाही, त्याचं व्होल्टेज वरखाली होतं. दुसरी चूक, फ्लॅशनंतर सगळ्या मॉड्यूलचे कोड न वाचता गाडी सोडणं.

तिसरी क्रूझची. अपडेटनंतर क्रूझ पूर्णच गेला असेल तर तक्त्याला दोष देऊ नका. एक शक्यता, व्हेरिएंट कोडिंग (या गाडीत कोणत्या सोयी आहेत याची नोंद) पुसलं गेलं आणि गाडीला आपल्यात क्रूझ आहे हेच आठवत नाही. दुसरी, ब्रेक स्विच. त्यात बहुधा दोन संपर्क असतात आणि ते एकमेकांशी जुळायला हवेत. नवं सॉफ्टवेअर ही तपासणी कडक करतं, घासलेला स्विच जो आधी खपत होता तो आता पी०५०४ किंवा पी०५७१ हा ब्रेक स्विचचा कोड टाकतो आणि क्रूझ लागत नाही. लाइव्ह डेटात दोन्ही संपर्क बघत ब्रेक अगदी हळू दाबा, मागे-पुढे बदलत असतील तर आधी स्विचची बसवण नीट करा, तरी राहिलं तर बदला.

सरळ_रस्ता

मला पेडलपेक्षा क्रूझचा बदल जास्त गंभीर वाटतो. पेडलला पाय स्वतःच जुळवून घेतो. क्रूझमध्ये पाय बाजूला असतो आणि ड्रायव्हर गाडीच्या आधीच्या वागण्यावर विसंबलेला असतो.

साधा क्रूझ म्हणजे ठरवलेला वेग आणि खरा वेग यांतली तूट बघून टॉर्क मागणारा कंट्रोलर. तूट दिसताच किती जोर लावायचा आणि साचलेल्या तुटीला किती वजन द्यायचं, हे दोन आकडे त्याचा स्वभाव ठरवतात. पहिला वाढवला की चढ लागताच गिअर पडतो. कमी केला की वेग ढळू देतो, इंधन वाचतं, मागचा ट्रक अंगावर येतो. दुसरा जास्त झाला तर चढ संपल्यावर गाडी ठरवलेल्या वेगाच्या पुढे धावते. ‘रिझ्यूम’ दाबल्यावर किती जोरात उसळायचं तेही असंच एक बंधन आहे.

अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या क्रूझमध्ये, अंतर सेकंदात धरतात. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. मधली पायरी १.८ सेकंदांवरून १.४ वर आणली की पुढच्या गाडीपासूनचं अंतर ५० मीटरवरून ३९ वर आलं. डॅशबोर्डवर तेच दोन बार दिसतात. अकरा मीटर न सांगता काढून घेतले, याला ‘सुधारणा’ कसं म्हणायचं?

आणि एक विसंगती बघा. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक १५६ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, सॉफ्टवेअर अपडेटसाठीच केलेला. हवेतून (केबल न लावता, नेटवर्कवरून) येणाऱ्या अपडेटबाबत तो म्हणतो की अपडेटचा हेतू आणि गाडीच्या कामात होणारे बदल वापरणाऱ्याला आधी कळायला हवेत. ही अट हवेतून येणाऱ्या अपडेटच्या भागात आहे. वर्कशॉपमध्ये केबल लावून तीच फाइल टाकली तर ती अट लागत नाही.

लॅम्बडा

सांगायला हवं, यावर वाद नाही. माझा विरोध मागे जाण्याला आहे.

जुन्या व्हर्जनमध्ये पुलाखालून जाताना विनाकारण ब्रेक लावणारा रडारचा दोष असेल आणि मालकाला फक्त रेस जुनी हवी असेल, तर दोन्ही एकत्रच परत येणार. ब्रेक आणि रेस एकाच वेळी दाबले तर रेस सोडून देणारी ब्रेक ओव्हरराइड सोय टोयोटाने २००९-१० च्या रिकॉलमध्ये काही मॉडेलांत सॉफ्टवेअरने घातली. ती कुणी ‘पिकअपसाठी’ काढून मागितली तर द्यायची?

धुराचंही तसंच. फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये बाहेर आलं, त्यानंतरचं अपडेट म्हणजे धूर चाचणीत लबाडी करणारं बेकायदा सॉफ्टवेअर काढणं होतं. जर्मनीत ते न करणाऱ्या काही गाड्यांना रस्त्यावर यायला मनाई झाली. तिथे जुनं व्हर्जन हा पर्यायच नव्हता.

तिसरा_गिअर

उदाहरण तुमचंच घेतो. त्या प्रकरणात कोणत्या इंजिनाला काय होणार ते जाहीर झालं होतं: २.० लिटरला फक्त सॉफ्टवेअर, १.६ लिटरला शिवाय एअर मास मीटरच्या आधी जाळी. सक्ती होती, पण उघड होती. सुरक्षा आणि धूर सोडून जे उरतं, म्हणजे पेडलची भावना, रिझ्यूमचा जोर, क्रूझ किती ढळू देतो, तेवढ्यापुरताच मी परतीचा हक्क मागतोय. कंपन्या इको, नॉर्मल, स्पोर्ट असे तीन तक्ते एकाच फाइलमध्ये देतातच, जुना चौथा म्हणून ठेवायला काय जातं?

मस्त_पिकअप

एवढी चर्चा कशाला, थ्रॉटल बूस्टर लावा. विषय संपला.

पाना_बारा

संपत नाही, नवा सुरू होतो. बूस्टर पेडल आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि ३० टक्के पेडलला ४५ असल्याचं खोटं व्होल्टेज पुढे पाठवतो. दोन्ही सेन्सरचं प्रमाण त्याने किंचित चुकवलं आणि नव्या सॉफ्टवेअरची सहनशक्ती कमी असेल तर पी२१३८ (दोन सेन्सर जुळत नाहीत) हा कोड, गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी केलेल्या ताकदीवर. शिवाय क्रूझची मागणी पेडलमधून येतच नाही, थेट टॉर्कच्या हिशोबात जाते. म्हणजे क्रूझ मवाळचा मवाळ राहतो आणि क्रूझ चालू असताना ओव्हरटेकला पाय ठेवला की गाडी उसळते. अपडेटनंतर तक्रार घेऊन येणार असाल तर बूस्टर काढूनच या.

तीन-चार तक्त्यांबद्दल: प्रत्येक मोड प्रत्येक गिअरबॉक्स व्हर्जनबरोबर तपासून प्रमाणित करावा लागतो. जुना चौथा ठेवला तर पुढच्या दर अपडेटला तोही पुन्हा तपासावा लागेल. कंपनी ते करणार नाही.

सरळ_रस्ता

करणार नाही आणि करता येत नाही यांत फरक आहे. पण तूर्त नकाराचा भाग तरी अमलात कसा आणायचा?

पाना_बारा

गाडी देताना जॉब कार्डवर सही करण्याआधी लिहून घ्या: ‘सुरक्षा किंवा उत्सर्जन रिकॉल वगळता कोणत्याही मॉड्यूलचं सॉफ्टवेअर मालकाला फोन न करता बदलू नये. बदलल्यास मॉड्यूलचं नाव, जुना व नवा कॅलिब्रेशन क्रमांक बिलावर लिहावा.’ सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणेल सिस्टीममध्ये असा रकाना नाही. शेऱ्याचा रकाना असतो, तिथे लिहायला सांगा. अपडेट प्रलंबित असेल तर टूल गाडी जोडताच दाखवतं, त्यामुळे फोन करायला वेळ नव्हता ही सबब टिकत नाही. रडारचं व्हर्जन साध्या ओबीडी स्कॅनरवर दिसत नाही, त्याचा आधीचा आणि नंतरचा प्रिंट वर्कशॉपच्या टूलमधूनच मागा.

लॅम्बडा

आणि इंजिन ईसीयूचा फोटो गाडी आत जाण्याआधीच काढा. फ्लॅश झाल्यावर जुना आयडी गाडीत कुठे सापडेल याचा भरवसा नाही. नकाराच्या कलमाला मात्र माझा आक्षेप आहे: एकाच फाइलमध्ये रडारची दुरुस्ती आणि पेडलचा बदल असेल, तर तो रिकॉल की नाही हे जॉब कार्डवर कोण ठरवणार?

तिसरा_गिअर

फाइल बनवणाऱ्याने दोन वेगळ्या करायच्या. एकत्र बांधण्याचा निर्णय त्याचा होता, मालकाचा नव्हे.