मदत हवी आहे: दिव्यांच्या संचावर वेळ सुधारला, पण झेल सुटतातच

मैदानावरचा_मास्तर
नमस्कार. शाळेच्या व्यवस्थापनाला सोमवारपर्यंत लेखी अभिप्राय द्यायचा असल्यामुळे तातडीने सल्ला हवा आहे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेला, हात लावताच विझणाऱ्या दिव्यांचा संच आमच्याकडे आहे. मुली त्यावर नियमित सराव करतात आणि ॲपवर नोंदली जाणारी त्यांची वेळ सतत सुधारत आहे. सामन्यात मात्र झेल पूर्वीइतकेच सुटतात. देणगीदार आणखी रक्कम द्यायला तयार आहेत. त्यातून व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून आभासी दृश्य दाखवणारा) घ्यावा की स्ट्रोब चष्मे (उघडझाप करणाऱ्या काचेचे), एवढेच कृपया सांगावे. आमच्याकडे, चिपळूणजवळ, पावसाळाभर मैदान वापरता येत नाही, त्यामुळे 'तंत्रज्ञान सोडा, मैदानावर जा' हा सल्ला आमच्या कामाचा नाही.

रानजाई
खेळ कोणता ते आपण लिहिलेले नाही. झेल म्हणता म्हणजे क्रिकेट असावे. मुलींचे वय काय, झेल कोणत्या जागी सुटतात आणि दिवे टेबलावर ठेवता की भिंतीवर लावता, हे कळल्याशिवाय खरेदीचा सल्ला कोणी कसा देणार?

भिंत_आणि_चेंडू
सर, पाऊस असला तरी शाळेला व्हरांडा असेलच. डॉन ब्रॅडमन लहानपणी ऑस्ट्रेलियातील बाउरलच्या घरी पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या बांधकामावर गोल्फचा चेंडू मारत आणि वेडावाकडा परत येणारा तोच चेंडू स्टंपने टोलवत. चेंडू कुठे उसळेल याचा अंदाज घेणे हाच त्या सरावाचा गाभा होता. खडबडीत भिंत आणि टेनिस बॉल एवढ्यावर अर्धे काम होते, असा माझा मुलांना शिकवतानाचा अनुभव आहे.

आभासी_क्रीज
ब्रॅडमन यांचा दाखला प्रत्येक धाग्यावर येतो, पण एका शिक्षकाने एका वेळी पंधरावीस मुलींना भिंतीवर कसे खेळवायचे? मी व्हीआर घ्यायला सांगेन. हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीचे आयबी क्रिकेट मी खेळलो आहे. गोलंदाजाचा हात, टप्पा आणि उसळी हे सर्व त्यात डोळ्यांसमोर येते, शिवाय चेंडू लागण्याची भीती नसते.

भिंत_आणि_चेंडू
आपण सांगता तो फलंदाजीचा सराव आहे आणि सरांचा प्रश्न झेलांचा आहे. आभासी चेंडूला वजन नसते, तो तळव्यावर आदळत नाही. हात किती मागे न्यायचे आणि बोटे केव्हा मिटायची, हे त्या आदळण्यातूनच समजते.

मैदानावरचा_मास्तर
खेळ अर्थातच क्रिकेट आहे. मुली बारा ते चौदा वर्षांच्या आहेत. झेल स्लिपमध्ये आणि यष्टिरक्षक मुलीकडून सुटतात. उंच झेलांची अडचण नाही. दिवे टेबलावर अर्धवर्तुळात ठेवतो. आता तरी कृपया मूळ प्रश्नाकडे वळावे.

सांजपावली
माझ्या काकांना पक्षाघातानंतर फिजिओथेरपीच्या केंद्रात अशाच दिव्यांच्या फळ्यावर व्यायाम देत होते आणि त्यांच्या डाव्या हाताची हालचाल बरीच सुधारली. त्यामुळे संच निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. घरातील ज्येष्ठांसाठी विचार करत असाल तर मोठ्या आकाराचे दिवे घ्यावेत.

क्रीडाविज्ञान_वाचक
सर, आपल्या उत्तरातच कारण दिसते. समजा बॅटची कड लागून चेंडू ताशी 70 किलोमीटर वेगाने निघाला आणि स्लिप आठ मीटरवर उभी आहे, तर चेंडू सुमारे 0.4 सेकंदात तिच्यापर्यंत पोहोचतो. नुसता दिवा पाहून हात हलवायलाच माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. दिव्यांच्या सरावाने त्यातले काही शतांश सेकंद वाचले, तरी चेंडू कुठे येणार हे त्यातून कळत नाही, कारण दिवा कुठूनही निघून येत नाही, तो जागच्या जागी लागतो. चेंडूला मात्र मार्ग असतो, आणि चांगला खेळाडू तो मार्ग आधीच ओळखतो. लँड आणि मॅक्लिओड या संशोधकांनी 2000 साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या, तेव्हा असे दिसले की फलंदाज चेंडूवर अखंड नजर ठेवत नाही. चेंडू हातातून सुटताना तो पाहतो आणि मग नजर अपेक्षित टप्प्यावर आधीच नेऊन ठेवतो. उत्तम फलंदाजाची नजर तिथे लवकर पोहोचते. ॲबरनेथी आणि वूड यांनीही 2001 साली दाखवले की दृष्टीच्या सर्वसाधारण व्यायामांनी प्रत्यक्ष खेळातले कौशल्य वाढत नाही. म्हणून मी नवे उपकरण घेण्याआधी फोन वापरेन. शेजारच्या संघातील मुलींच्या फलंदाजीची चित्रफीत स्लिपच्या जागेवरून घ्या, बॅटला चेंडू लागण्याच्या क्षणी ती थांबवा आणि चेंडू कोणत्या बाजूला, किती उंचीवर येईल हे मुलींना हाताने दाखवायला सांगा. मग पुढचा भाग दाखवा. हे भर पावसात वर्गातही करता येते.

आभासी_क्रीज
हेच हेडसेटमध्ये अधिक चांगले होईल, कारण पडद्यावर खोली जाणवत नाही.

नजरतपासणी
मी व्यवसायाने दृष्टितपासनीस आहे, म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगते. हेडसेटमध्ये वस्तू जवळ आली तरी डोळ्यांच्या भिंगाला एकाच ठराविक अंतरावर लक्ष केंद्रित करावे लागते, आणि बरेच हेडसेट साधारण अर्धा किलो वजनाचे असतात. या वयाच्या मुलींना ते घालून फार वेळ सराव देऊ नये. स्ट्रोब चष्म्यांची काच क्षणाक्षणाला उघडझाप करते, त्यामुळे कोणाला किंवा कोणाच्या घरात अपस्माराचा इतिहास असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नयेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, झेल सोडणाऱ्या मुलींची नजर तपासली आहे का? फक्त एका डोळ्याला नंबर असेल तर फळ्यावरचे नीट वाचता येते आणि घरी कोणाच्या लक्षातही येत नाही, परंतु वेगाने जवळ येणाऱ्या चेंडूचे अंतर जोखायला दोन्ही डोळ्यांची जोडी लागते.

रानजाई
आणखी एक विचारते. आपल्या स्लिपमधल्या मुली चेंडू सुटताना कुठे पाहतात? पहिल्या स्लिपने आणि यष्टिरक्षकाने गोलंदाजाच्या हातापासून चेंडू पाहावा, तर दुसऱ्या स्लिपपासून गलीपर्यंतच्या क्षेत्ररक्षकांनी बॅटच्या कडेवर नजर ठेवावी, असे आम्हाला शिकवले होते.

मैदानावरचा_मास्तर
आपल्या प्रश्नामुळे काल सभागृहात टेनिस बॉलवर सराव घेतला आणि फोनवर संथ गतीने चित्रण केले. दुसऱ्या स्लिपमधली मुलगी गोलंदाजाच्या हातापासून चेंडूबरोबर मान फिरवत येते; चेंडू बॅटपाशी पोहोचतो तेव्हा तिचे डोके अजून वळत असते आणि तळवे गुडघ्यांवर टेकलेले असतात. यष्टिरक्षक मुलगी चेंडू नीट पाहते, पण बॅट फिरली की तिच्या पापण्या मिटतात. दोघीही दिव्यांवर सर्वांत जलद आहेत. पापण्यांचे काय करावे?

भिंत_आणि_चेंडू
तिच्यासमोर बॅट फिरवा, पण चेंडूला लागू देऊ नका, आणि चेंडू मऊ ठेवा. भीती गेली की पापण्या उघड्या राहतात. मग हळूहळू कड लावत जा.

क्रीडाविज्ञान_वाचक
सहमत. येथे दिव्यांचाही उपयोग होईल. चेंडू फेकणाऱ्याच्या मागे दोन रंगांचे दिवे ठेवा आणि झेल घेताना कोणता रंग लागला होता हे तिला विचारा, म्हणजे डोळे उघडे होते की नाही हे कळेल. पण हे मऊ चेंडूवरच करा, कारण लेदर बॉल येत असताना नजर अन्यत्र नेणे धोक्याचे आहे.

मैदानावरचा_मास्तर
अभिप्रायात लिहितो की हेडसेट व चष्मे सध्या नकोत. चेंडू परत उडवणारी तिरकी जाळी, मऊ चेंडू आणि फोनसाठी ट्रायपॉड घ्यावा आणि सर्व मुलींची नेत्रतपासणी करावी. दिवे फेकणाऱ्याच्या मागे लावून पाहतो. तिरकी जाळी घेताना कोणता आकार योग्य ठरतो, हे कोणी वापरली असल्यास आजच कळवावे.

रानजाई
आमच्याकडे साधारण मीटरभर लांब-रुंद जाळी आहे. आकारापेक्षा तिचा कोन बदलता येतो का ते आधी पाहा. स्लिपचे कमी उंचीचे झेल हवे असतील तर जाळी बरीच उभी करावी लागते, आणि स्थिर कोनाच्या जाळीवर ते जुळवता येत नाही.