सोसायटी ग्रुप : गणपतीत गेमचं मशीन आणायचं की व्हीआर?

बी-१०१ (सेक्रेटरी) : नमस्कार मंडळी. गणपतीत मुलांसाठी दोन प्रस्ताव आलेत. एक, व्हीआरचे (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) डोळ्यांवर चढवायचे हेडसेट आणि हलणारी खुर्ची. दुसरा, व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायचं तसं जुनं गेम मशीन, भाड्याने. पैसे दोन्हींपैकी एकापुरतेच आहेत. मत कळवा. फक्त मत, फॉरवर्ड नकोत.

ए-३०२ (मंदार) : मशीन! मुस्तफा असेल तर माझी वर्गणी डबल.

सी-२०४ : कोण मुस्तफा?

ए-३०२ (मंदार) : वहिनी, पिवळ्या टोपीवाला 😀 गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम कंपनीचा, १९९३चा. पण पार्लरमध्ये ते नाव कोणाच्या तोंडी नव्हतं, सगळे मुस्तफाच म्हणायचे. तिघं एकदम खेळायचे आणि तिघांनाही तोच हवा असायचा. धावत येऊन मारलेली त्याची किक! मागे चौथा मुलगा, रुपया मुठीत धरून उभा, कधी एकदा हे मरतायत म्हणून.

बी-४०४ : याच्या वडिलांनी याला कान धरून पार्लरमधून आणलेलं मी स्वतः पाहिलंय.

ए-३०२ (मंदार) : काका, ग्रुपवर माझा मुलगा आहे 🙏

डी-५०१ (ओंकार) : सॉरी काका लोक, पण मुस्तफा मोबाइलवर फुकट खेळता येतो. मशीनसमोर उभं राहून दांडा हलवण्यात काय मजा? हेडसेटमध्ये आपण गेमच्या आत असतो.

बी-३०३ (अनिलकाका) : ओंकार, ‘आत असणं’ तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे. सेगा या जपानी कंपनीचं ‘हँग-ऑन’ हे मशीन १९८५चं. बसायला अख्खी मोटारसायकल, आणि वळायचं तर गाडी अंगासकट कलंडवायची. पुढच्या वर्षी ‘आउट रन’ आलं, त्याच्या मोठ्या मॉडेलची सीट मोटरवर हलायची. १९९०मध्ये त्यांनी आर-३६० काढलं, ते तर माणसाला उलटं-सुलटं पूर्ण फिरवायचं. पट्ट्याने बांधून बसवायचे. हेडसेटचंही तेच. ब्रिटनच्या व्हर्च्युअ‍ॅलिटीची हेडसेटवाली मशीनं १९९१च्या सुमारास आर्केडमध्ये (म्हणजे गेम पार्लरमध्ये) आली होती.

डी-५०१ (ओंकार) : मग एवढं भारी होतं तर बंद का पडलं?

बी-३०३ (अनिलकाका) : घरात प्लेस्टेशन आलं. चित्र घरीच तेवढं चांगलं दिसायला लागल्यावर बाहेर रुपया कोण टाकणार? मग आर्केडवाल्यांकडे उरलं ते घरात न मावणारं : पेडल, हलणारी सीट, पायाने नाचायचं मशीन. आज मॉलमध्ये दिसतात तीही बहुतेक हीच. पण त्या धंद्याचा भरवसा नाही. खुद्द सेगाने आर्केड चालवणाऱ्या कंपनीतला ८५ टक्के हिस्सा २०२० मध्ये विकला, उरलेला २०२२ मध्ये. आणि बांदाई नामको या गेम कंपनीचं टोकियोच्या शिंजुकूतलं मोठं व्हीआर सेंटर २०१७ मध्ये उघडून २०१९ मध्ये बंदही झालं.

ए-३०२ (मंदार) : काका, बंदुकीचा गेम मिळेल का? लहानपणी वाटायचं बंदुकीतून किरण निघतो.

बी-३०३ (अनिलकाका) : काही निघत नाही. उलट बंदूक स्क्रीनकडे बघते. नळीत भिंग आणि उजेड ओळखणारा सेन्सर. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये चित्र एकदम उमटत नाही, एक ठिपका वरून खाली ओळीओळीने सरकत ते काढतो. घोडा दाबला की स्क्रीन क्षणभर पांढरी होते, तो ठिपका सेन्सरसमोरून किती वेळाने गेला ते मशीन मोजतं आणि नेम कुठे होता ते कळतं. म्हणूनच त्या बंदुका एलसीडीवर चालत नाहीत. माझ्या दुकानात असे मॉनिटर दुरुस्तीला यायचे. ट्यूब गेली की मशीन भंगारातच, कारण नवीन ट्यूब आता कोणी बनवत नाही. भाडेवाल्याला आधी विचारा, आत ट्यूब आहे की नुसता एलसीडी ठोकलाय.

सी-२०४ : माझं मत व्हीआरला नाही. मॉलमध्ये आमच्या लेकीला पाच मिनिटांत मळमळायला लागलं.

बी-३०३ (अनिलकाका) : होतं तसं. डोळे म्हणतात पळतोय, तोल सांभाळणारा आतला कान म्हणतो बसलोय.

बी-१०१ (सेक्रेटरी) : शिवाय मेटाच्या (फेसबुकवाली कंपनी) हेडसेटला किमान वय १० आहे. आधी १३ होतं, २०२३ मध्ये कमी केलं. आपली निम्मी मुलं त्याखालची. आणि एकजण हेडसेट घालणार, बाकीच्यांनी काय त्याचं डोकं बघत बसायचं?

ए-१०४ (काकू) : मी बोलू का? सगळ्या पुरुषांचं पार्लरपुराण वाचतेय. त्या पार्लरमध्ये आम्हाला कोण जाऊ देत होतं? भावाला जेवायला बोलवायचं तर दारातूनच हाक मारायची, आत पाऊल नाही टाकायचं. मला तर आजही माहीत नाही ते बटण दाबलं की काय होतं.

ए-३०२ (मंदार) : …काकू, हे खरंय.

ए-१०४ (काकू) : म्हणून मशीन आणा. पण पहिला तास मुली आणि बायकांचा. नंबर मी लावणार, मंदार सगळ्यात शेवटी.

डी-५०१ (ओंकार) : 😂 काकूंना प्लस वन. मीही मशीनला मत देतो.

बी-१०१ (सेक्रेटरी) : ठीक, बहुमत मशीनला. क्लबहाउसच्या दाराची रुंदी उद्या मोजतो.

बी-३०३ (अनिलकाका) : अर्थिंग आधी तपासून घ्या. जुन्या मशीनचं बटणांचं पॅनल बऱ्याचदा पत्र्याचं असतं, मुलांना शॉक लागायला नको. टेस्टर घेऊन मीच येतो. आणि एक्स्टेंशन बोर्ड मंदारच्या घरचा नको, गेल्या वर्षी त्यानेच आरतीला लाइट घालवली होती.