फक्त लिहिण्यासाठी छोटं मशीन किंवा कीबोर्ड सुचवा (बजेट ५०००)

संत्राबर्फी: नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहून राहिली आहे, पण फोन हाती घेतला की कथा राहते बाजूला अन् व्हॉट्सॲप सुरू. नुसतं लिहिता येईल असं छोटं काही आहे का? टायपिंग मराठी इनस्क्रिप्टमध्ये (देवनागरीची सरकारी कीबोर्ड मांडणी). पाच हजारांच्या वर एक रुपया नाही. रात्री लिहिते, बाजूच्या खोलीत सासूबाई झोपतात, म्हणून आवाज कमी पाहिजे.

मिहानचा_पोट्टा: फ्रीराईट अल्फा घ्या, डोळे मिटून. छोटा स्क्रीन, ना ब्राउझर ना नोटिफिकेशन. मी भावाकडून अमेरिकेतून मागवला, तेव्हा साडेतीनशे डॉलरच्या आसपास पडला. सकाळी गच्चीवर लिहीत बसलो की शेजारचे विचारतात, हे काय नवीन?

इतवारीकर: भाऊ, पाच हजार म्हटलं ना त्यांनी. अन् तुमच्या त्या मशीनवर मराठी उमटते का?

मिहानचा_पोट्टा: मी इंग्रजीत लिहितो.

इतवारीकर: झालं मग.

कूलरखालचा: अल्फास्मार्ट निओ पाहा, नुसतं टायपिंगचं मशीन. २०१३ मध्ये बनणं बंद झालं, पण जुने मिळतात. तीन पेन्सिल सेलवर शेकडो तास चालते, आपल्याकडची लाईट गेली तरी फरक नाही. संगणकाला यूएसबीने जोडून सेंड दाबलं की लिहिलेलं एकेक अक्षर आपोआप उमटत जाते, पाहायला मजा येते. देवनागरी मात्र नाही. माझा बाहेरून येताना कस्टममध्ये अडकला, अन् कुरिअरवाल्यानं वरून इतके पैसे काढले की मशीन स्वस्त वाटली.

निवृत्त_टंकलेखक: आमच्या काळी गोदरेजच्या मराठी टाईपरायटरवर मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली. त्यात व्हॉट्सॲप नव्हतं. अन् इनस्क्रिप्ट काहून? टाईपरायटरची रेमिंग्टन मांडणी शिका, हात बसला की सुटत नाही.

धरमपेठ_सायडिंग: काका, रेमिंग्टनमध्ये अर्धी अक्षरं वेगळी पाठ करा. इनस्क्रिप्टमध्ये सगळे स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. दोन दिवसांत कळते.

निवृत्त_टंकलेखक: कळणं वेगळं, वेग येणं वेगळं.

धरमपेठ_सायडिंग: बरं, ताई, मुद्द्याचं. वेगळं मशीन नको. घरात जुना फोन असेल तर त्यातलं सिम काढा, एअरप्लेन मोड लावा, मग फक्त ब्लूटूथ चालू करा अन् छोटा कीबोर्ड जोडा. माझ्याकडे लॉजिटेक के३८० आहे. दोन बारीक सेल, तीन उपकरणांना जोडता येतो, आवाज जवळपास नाहीच. पण पैसे टाकण्याआधी घरातला साधा यूएसबी कीबोर्ड ओटीजी केबलनं (फोनला यूएसबी वस्तू जोडायची छोटी केबल) त्या फोनला लावून मराठी उमटते का पाहा. न उमटल्यास जुन्या लॅपटॉपवर फोकसरायटर हे लिहिण्याचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, स्क्रीनवर तुमच्या मजकुराशिवाय काही दिसत नाही.

कूलरखालचा: के३८० ची बटणं गोल आहेत. बोटं घसरतात. मी वापरून सोडला.

मिहानचा_पोट्टा: के३८० घ्या, जुन्या फोनला जोडा.

इतवारीकर: वरच लिहिलं आहे त्यांनी. बाकी काही घ्या, पण ते ६१ बटणांचे साठ टक्केवाले (छोटे) कीबोर्ड घेऊ नका. पुतण्यानं आणला. बाणांची बटणं वेगळी नाहीत, फंक्शन दाबून कर्सर हलवायचा. एक चूक सुधारायला दोन हात गुंततात. चिडून टीव्हीच्या मागं टाकला त्यानं.

धरमपेठ_सायडिंग: सहमत. पण नंबरांची ओळ असलेलाच घ्या. क्ष, ज्ञ, त्र, श्र शिफ्टसोबत त्याच ओळीवर आहेत, अर्धचंद्रही.

संत्राबर्फी: सगळ्यांचे आभार. ओटीजीची युक्ती चालली, जुन्या फोनवर मराठी उमटली. कीबोर्ड घेतला आरके६१, ६१ बटणांचाच, रेड स्विचचा (बटण दाबताना वेगळी टिक न वाजणारा). बजेटात बसला. इतवारीकर, तुमचा संदेश वाचूनच घेतला. माझं पहिलं पानच पुढं सरकत नाही, कारण मी मागं जाऊन जाऊन तेच वाक्य घासत बसते. कर्सर हलवणं इतकं जिवावर येणार असेल तर बरंच आहे. नंबरांची ओळ आहे त्यात. देवनागरीचे स्टिकर बर्डीच्या बाजारात मिळाले, ड चा थोडा वाकडा लागला.

इतवारीकर: तुमची मर्जी जी. रेड म्हणजे आवाज नाही असं नाही, टकटक होतेच. खाली टॉवेल घडी करून टाका.

निवृत्त_टंकलेखक: स्टिकर लागतात म्हणजे हात बसलेला नाही.

कूलरखालचा: माझा निओ कोणाला पाहिजे असेल तर सांगा. सेल नवे टाकून देतो.