शब्दचर्चा: ‘ॲपल सायडर पाय’मधलं सायडर म्हणजे काय?

प्रश्न: ‘ॲपल सायडर पाय’ या अमेरिकन पाककृतीचं मराठीकरण चालू आहे (पाय म्हणजे मैद्याच्या पारीत गोड मिश्रण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ). त्यात ७५० मिली ॲपल सायडर आटवायला सांगितलंय. ‘सफरचंदाचा सिरका’ (व्हिनेगर) लिहावं का? शिवाय क्रस्ट, फिलिंग, फ्लेकी, ब्लाइंड बेक यांना मराठीत काय म्हणायचं?

प्रतिसाद १: सिरका अजिबात नको. आपल्याकडच्या दुकानात ‘ॲपल सायडर’ मागितलं की व्हिनेगरची बाटली पुढे येते, घोटाळा तिथेच होतो. त्यात साधारण ५ टक्के ॲसिटिक आम्ल असतं. ते आटवलं तर घरभर ठसका उठेल आणि गोडवा काही मिळणार नाही.

अमेरिकेत सायडर म्हणजे पानगळीच्या दिवसांत सफरचंदं चिरडून, दाबून काढलेला, न गाळलेला, गढूळ तपकिरी रस. इंग्लंडमध्ये त्याच शब्दाचा अर्थ आंबवलेलं मद्य. अमेरिकेत त्याला ‘हार्ड सायडर’ म्हणतात. शब्दाचं मूळही मद्याचंच आहे: हिब्रू ‘शेखार’, म्हणजे मादक पेय, ग्रीक-लॅटिन-फ्रेंच करत इंग्रजीत आला. तेव्हा ‘सायडर’ तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला ‘न आंबलेला, न गाळलेला सफरचंदाचा रस’ अशी फोड करा.

प्रतिसाद २: ‘न गाळलेला’ हे गाळू नका. खोक्यातला पारदर्शक रस आटवला की नुसता गोड लागतो, सफरचंदाची चव फिकी पडते. ताजं सायडर मिळत नसेल तर दीड-पावणेदोन किलो सफरचंदं सालासकट किसून मलमलीतून घट्ट पिळा. ऑगस्टनंतर आपल्या बाजारात हिमाचलचा माल येतो, त्यातली थोडी आंबटसर फळं मिसळा. रस काळपटतो, तो काळपटूच द्या. सायडरचा रंग तोच.

‘रिड्यूस’साठी ‘आटवणे’ चपखल आहे. ७५० मिलीचं १८० मिली व्हायला हवं. पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं आणि सरळ काठाचं घ्या. आंबट रस ॲल्युमिनियमला लागून चव बिघडते. सुरुवातीला लाकडी डाव उभा धरून रस कुठवर येतो तिथे खूण करा आणि तळापासून त्याच्या चौथाईवर दुसरी. रस दुसऱ्या खुणेला आला की गॅस बंद. मध्यम आचेवर अर्धा-पाऊण तास लागतो. शेवटी बुडबुडे मोठे आणि संथ होतात, तेव्हा हलवत राहा, नाहीतर साखर बुडाला करपते आणि कडवटपणा उतरतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटकडचं ‘बॉइल्ड सायडर’ याहून पुढचं, सातवा हिस्सा उरेपर्यंत आटवलेलं, काकवीसारखं. ते वापरलं तर बाकीची सगळी मापं बदलतात.

प्रतिसाद ३: बाकीचे शब्द करंजीकडून घ्या. क्रस्ट म्हणजे पारी, फिलिंग म्हणजे सारण, कड दुमडणं म्हणजे मुरड घालणं. ‘मोहन’ मात्र आणू नका, कारण मोहन कडकडीत तापवून घालतात आणि इथे सगळं थंड लागतं. १६० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, फ्रीजमधलं ११० ग्रॅम लोणी. लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात दिसत राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे वेगळे होतात. म्हणून ‘फ्लेकी’ला ‘खुसखुशीत’ म्हणू नका, ‘पदर सुटलेली’ म्हणा, चिरोट्याला म्हणतो तसं. बर्फाचं पाणी ३-४ मोठे चमचे, पीठ जेमतेम गोळा होईल इतकंच. तासभर फ्रीजमध्ये ठेवा. न विसावलेली किंवा ताणून बसवलेली पारी भाजताना आक्रसते.

‘ब्लाइंड बेक’ला ‘आंधळं भाजणं’ हे भाषांतर नको. ‘पारी रिकामी भाजून घ्या’ म्हणा. ९ इंची ताटलीत बसवून वर बेकिंगचा कागद, त्यावर वजनाला कोरडा राजमा. २०० अंशांवर २० मिनिटं, मग राजमा काढून आणखी ८-१० मिनिटं. ही पायरी वगळली तर तळ कच्चा, ओलसर राहतो.

प्रतिसाद ४: ‘सारण’ला माझी हरकत आहे. सारण भरतात, हे ओततात, ‘मिश्रण’ म्हणा. ४ अंडी, १२० ग्रॅम साखर, १२० मिली क्रीम, ३० ग्रॅम वितळलेलं लोणी, अर्धा चमचा दालचिनी पूड, चिमूटभर मीठ आणि कोमट झालेलं सायडर. गरम ओतलंत तर अंड्याच्या गुठळ्या होतात. गाळून पारीत ओता, १६५ अंशांवर ३५-४५ मिनिटं. इथे ‘सेट होणं’ला ‘आळणं’ हा शब्द छान बसतो: कडेला आळलेलं, मधे वाटीएवढा भाग अजून थरथरणारा, की बाहेर काढा. उरलेलं आपल्याच उष्णतेने आळतं. मधला भागही घट्ट होईपर्यंत ठेवलंत तर वर चिरा पडतात आणि पाणी सुटतं. कापण्याआधी तीन तास निवू द्या.

प्रश्नकर्ता: सगळं घेतो. पण ‘पायाची पारी’ वाचायला विचित्र वाटतंय.

प्रतिसाद १: ‘पायची पारी’ लिहा. अवयवाचं सामान्यरूप ‘पाया’ होतं. परभाषेतून आलेला ‘पाय’ तसाच ठेवून प्रत्यय लावा: पायचा, पायला, पायमध्ये.