संकेतस्थळाचा मेनू कसा मांडावा? मदत हवी आहे

सोलापुरात आमचा चादरी आणि टेरी टॉवेलचा घरगुती व्यवसाय असून, माल थेट गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावा म्हणून मी स्वतः संकेतस्थळ तयार करीत आहे. मेनूत सध्या 11 नोंदी आहेत. काल मावशीला मोबाइलवर डबल बेडची चादर शोधताना कोपऱ्यातले, मेनू उघडणारे तीन आडव्या रेघांचे चिन्ह दिसलेच नाही. ती मुखपृष्ठच खाली-वर सरकवत राहिली आणि शेवटी तिने फोन माझ्या हाती दिला. मला फार वाईट वाटले. मालाची विभागणी आम्ही विणीनुसार केली आहे, परंतु दुकानात येणारे गिऱ्हाईक आधी मापच विचारते. तेव्हा विभाग मापानुसार ठेवून वीण आणि रंग फिल्टरमध्ये न्यावेत का, आणि मोबाइलवर मुख्य चार दुवे उघडेच ठेवावेत का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.